आवाज येत नाही त्याचा

रात्री बारानंतर पाणीही नाही, सिस्टर सांगून गेली.
म्हटलं, बाई, निर्जळ्या केल्यात मी,
पाण्याचं नका सांगू, नखांचं सांगा.
पुतणीच्या हळदीतली मेंदी अजून जाईना,
आणि तुमचा तो बोटाचा चिमटा
रंगाखालचं रक्त वाचत नाही म्हणे.

कार्डावर माझं नाव सत्यभाभा छापलंय.
योजनेच्या खिडकीवर जावयाचे दोन दिवस गेले
एका भ चा म करण्यात.
तेवढ्यात माझं दोनदा थांबून पुन्हा सुरू झालं.

डॉक्टर पोरगाच आहे, लोह्याकडचा.
चिठ्ठीमागं त्यानं चार खोल्यांचं घर काढलं.
वरची खोली हाक मारते,
खालची ऐकत नाही,
आपल्या मनानं चालते, मिनिटाला अडतीस.
म्हटलं, दोन जावांच्या घरात असंच असतं भाऊ.
हसला. मग विचारलं, कोणता हात चालतो तुमचा?
जेवते उजव्यानं. बाकी सगळं डाव्यानं.
डावरी म्हणून माहेरी मार खाल्ला,
गिरणीत तेच कामाला आलं:
डाव्या चिमटीत पीठ, उजवा हात चाकावर.
मग उजवीकडं बसवू, तो म्हणाला,
मीटर आत लावू का बाहेर, असं विचारावं तसं.

कंपनीचा माणूस डबी दाखवून गेला.
काडेपेटीहून चपटी, गुळगुळीत,
बॅटरी दहा वर्षं.
मी एकसष्ट. हिशोब मनातच केला.
आवाज येतो का त्याचा?
अजिबात नाही मावशी.
मग चालू आहे हे कळायचं कसं?
त्याच्याजवळ यादी होती,
हे तिच्यात नव्हतं.

तीस वर्षं कानानं दळलं मी.
ज्वारी वेगळी वाजते, डाळ वेगळी,
ओलसर गहू दगडाला चिकटायच्या आधी घोगरा होतो,
पट्टा घसरायच्या आधी एक उचकी देतो.
मानवतच्या मोंढ्यात हमाल ओरडत असायचे,
तरी ती उचकी मला ऐकू यायची.
माझी मला आली नाही.
पायरीवर चढून कुरेशीभाभीची दोन पायल्या टाळकी ओतली,
आणि डोळे उघडले तर
केसांत, तोंडात, पापण्यांवर पीठ.
लतीफ रडत होता,
त्याला वाटलं मी पांढरी पडले.

मोटारीपासून हातभर लांब, हे यादीत होतं.
मोबाईल ब्लाउजात नको, हे होतं.
दीड महिना हात खांद्यावर न्यायचा नाही.
म्हणजे डबा उचलणं नाही, ओतणं नाही.
पंधरा हॉर्सपॉवरच्या त्या मोटारीजवळ बसून
थंडीत ऊब घेतलीय मी,
हे गेले त्या माघात तर रोज.
तिला कुणी सांगायचं?

दगड गुळगुळीत झाले की पाथरीचा चंदर येतो,
वरचा दगड उलथा करतो,
मांडी घालून टकटक टकटक,
एकेक खाच पुन्हा खोल करत जातो.
त्या दिवशी दाराला पाटी: आज टाकी आहे.
लतीफला म्हटलं, उद्या तीच लाव.

आत्ता नऊला त्याचा फोन.
काळजी करू नका म्हणतोय,
आणि मागं गिरणी चालू.
एवढ्या रात्री कोणाचं रे?
लग्नाचं आहे, मावशी.
थांब. बोलू नको जरा.
फोन कानाला दाबून धरला.
अरे दाणा संपलाय, दगडावर दगड चाललाय,
चाक सोड, चाक सोड आधी!
धावत्या चपला.
मग तो सुटा, मोकळा घुमारा.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.
सिस्टर आली, माझ्या डोक्यावरच्या पडद्याकडं पाहिलं.
चव्वेचाळीस, म्हणाली.
कुणावर ओरडलात?