किटलीची टोपी

बाबाजीपुऱ्यात आमची भिशी, दर महिन्याचा दुसरा शनिवार.
पाच जणी मराठी, तिघी गुजराती, एक सिंधी,
आणि एक जी नेहमीच उशिरा येते.
या खेपेला हौजीत माझी वरची ओळ लागली.
हेमाबेननं दिलेलं सोनेरी पुडकं
घरी येऊन, चिकटपट्टी नखानं सोडवत उघडलं,
कागद फाडायचा नाही हे हाडात मुरलेलं,
आणि आतून
माझीच टोपी निघाली.

टोपी म्हणजे डोक्याची नव्हे. किटलीची.
विटकरी लोकर, वर पिवळा गोंडा,
एकीकडे तोटीसाठी भोक, दुसरीकडे कानासाठी.
अकरा वर्षांमागे विणली होती
पुष्पलता वन्संच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला,
दुपारच्या दुपारी, पंख्याखाली, मांडीवर घामेजलेला गुंडा घेऊन.
बडोद्याच्या मे महिन्यात लोकर विणणारी बाई
एकतर खुळी असते, नाहीतर तिचा कुणावर तरी जीव असतो.
माझा वन्संवर होता.

"अगं बाई, किती सुरेख!" त्या म्हणाल्या,
आणि त्यांच्याकडे किटलीच नव्हती.
खारीवाव रोडवर कोण किटलीतून चहा पितं?
पातेलं, गाळणं, कप. झालं.
हे मला तेव्हा सुचलं कसं नाही, देव जाणे.

ओळख पटायला गोंडा लागला नाही.
सातव्या ओळीत एक टाका निसटलाय.
तो निसटला तेव्हा दारात गॅसवाला होता.
उसवून पुन्हा विणायला हवं होतं.
कोण बघतंय, म्हटलं.

मग बसले माग काढत.
वन्संनी दिली असणार शिर्क्यांच्या विजूला,
विजूनं मुलाच्या क्लासच्या बाईंना,
बाईंनी अहमदाबादला, तिथून पुन्हा इकडे.
दर घरी थोडे दिवस कपाटात,
मग नवा कागद, नवं "आमच्याकडून आपलं काहीतरी".
राग यायला हवा होता. शोधला.
होता जरासा, दाढेत अडकलेल्या सुपारीएवढा.

तेवढ्यात टोपी उलटी केली.

आत चहाचे डाग.
एकावर एक, गडद, फिके, किती तरी सकाळींचे.
आणि तोटीच्या भोकाशी, जिथं लोकर विरली होती,
तिथं रफू. बाटलीहिरव्या दोऱ्याचं.
रंग जुळवायची खटपटच नाही,
टाके मात्र असे बारीक की मला जमले नसते.
सगळे उलट्या अंगाला झुकलेले.
डावखुरी असावी.

म्हणजे या गावात कुठंतरी
एक किटली होती.
मग ही देऊन का टाकली? किटली फुटली?
की दुसरा कप घेणारं माणूसच…
पुढचं मी स्वतःला विचारलं नाही.

हेमाबेनला फोन केला. ती ओशाळली.
"मने पण कोईए आपेली. खोटुं ना लगाडशो, कुंदाबेन."
खोटं कसलं. मला नाव हवं होतं.
नाव तिलाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी नव्या बाजारात, जयंतीभाईंच्या दुकानात,
त्यांनी हिरवा टाका उजेडाकडे धरला,
चष्मा कपाळावर चढवला.
"आ शेड तो बंध थई गयो, बेन."
मग नुसतं जाड सूत घेतलं. निळं.
"कोना माटे? माप शुं?"

माप ठाऊक नाही, जयंतीभाई.
नाव नाही, आळी नाही, वय नाही.
एक हात तेवढा ठाऊक आहे.

तर गरम भांडं उतरवायला एक हातमोजा घातलाय विणायला,
एकच, डाव्या हाताचा.
पुढच्या भिशीत बक्षीस म्हणून ठेवीन.
कुणाला लागेल त्याला लागो,
उजव्या हातांच्या बायका तो कपाटात ठेवतील,
मग कागदात गुंडाळतील,
फिरेल बिचारा पाच-दहा वर्षं.

टोपी खुंटीला आहे. किटली आणायचीय अजून.
सातव्या ओळीपर्यंत आलेय,
आणि बघा,
दारात गॅसवाला.