उणे पॉइंट तीन

पडद्यावर बेचाळीस ठिपके. सात रांगा, रांगेत सहा,
आणि फळ्यापाशी एक चौकोन. तो मी.
मॅडम, तुम्हाला गोल करू का, यज्ञेशनं विचारलं.
म्हटलं, राहू दे, चौकोनच बरा.

हा यज्ञेश म्हात्रे, घणसोली गावातला,
सातवीत माझ्या तासाला दोनदा अंगठे धरून ओणवा.
आता महाप्याच्या काचेच्या इमारतीत बसून
गोदामातली खोकी उद्या कुठे अडतील ते आज सांगतो.
खोक्यांऐवजी मुलं घातली की झालं, म्हणाला.

तुर्भे, मनपा शाळा, सहावी ब.
तीन महिने एका हातात खडू, दुसऱ्यात पेन,
दर पाच मिनिटांनी खुणा:
कोण फळ्याकडे, कोण खिडकीकडे,
कोण चघळलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडे.
खुणांचे आकडे झाले.
शेजाऱ्याचा गुण लागण्याचा आकडा पॉइंट दोन,
यज्ञेशनं त्या ओळीला नाव दिलं ढवळ्या-पवळ्या.
भूक खिचडी येईपर्यंत चढते,
नंतर शून्य होत नाही, झोप होते.
कुजबुज: उणे पॉइंट तीन.
हा आकडा माझा. मोजला नव्हता.
एकवीस वर्षांच्या नोकरीत तो पाठच होता.

बटण दाबलं की तास सुरू,
पस्तीस मिनिटं अकरा सेकंदांत.
कळलं की ठिपका हिरवा, नाहीतर राखाडी.
सत्तावीस नंबर दर वेळी राखाडी पडायचा
आणि मागची रांग सोबत घेऊन बुडायचा.
सत्तावीस म्हणजे मल्लेश धोत्रे. तोंडाला कुलूप नाही.
त्याला पहिल्या बाकावर आणला, भिंतीशी नेला,
दाराजवळ, एकटा, मुलींच्या रांगेत.
हजार वेळा तोच तास घेतला,
घसा बसला नाही, हेच नवल.

मग चाचणीचे पेपर.
शेवटच्या बाकावरची नागम्मा, अपूर्णांक, दहापैकी आठ.
ही जूनमध्ये आलेली, आईबाप खडी फोडणारे,
मराठीत तिला फक्त "हजर" म्हणता येतं.
पडद्यानं तिला दोन दिले होते.
यज्ञेश म्हणाला, माहिती चुकली असेल.
मी म्हटलं, कॉपी केली असेल.
दोघांनाही आकड्यावर संशय घेणं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी फळा पुसायच्या निमित्तानं
पाठमोरी उभी राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.
छेद खाली, अंश वर, हे माझं.
अर्ध्या श्वासानं तेच मागून, वडारी बोलीत,
मला त्यातला "ट्रक" तेवढा कळला.
खिडकीच्या काचेत त्याचा हात दिसला:
एका दगडाचे पाडले चार, ते खाली,
ट्रकमध्ये चढले तीन, ते वर.
एकवीस वर्षं मी भाकरी कापत आले होते.

रात्री उण्याची रेघ खोडली.
मागची रांग हिरवी झाली, अगदी शेतासारखी,
आणि पुढची चार पोरं काळवंडली,
कारण त्यांची कुजबुज खरंच क्रिकेटची होती.
यज्ञेश फोनवर: मग दोन प्रकार करू, कामाची आणि बिनकामाची.
पाठमोऱ्या चौकोनाला ती ओळखू कशी येणार?
ते तुम्ही सांगा मॅडम, म्हणाला.
मागे त्याचं बाळ रडत होतं. फोन ठेवला.

आज तिसरा तास. लसावि.
वळून फळ्यावर बारा लिहिले
आणि मागे ती सुरू झाली, पालीसारखी, भिंतीला चिकटून.
"कोण बोलतंय रे?"
विचार पोचायच्या आधी तोंड पोचलं होतं.
मल्लेश उभा राहिला, नाव घ्यायचीही गरज पडली नाही.
वर्ग इतका गप्प की
ठाणे-बेलापूर रोडवरचा ट्रेलर गिअर बदलताना ऐकू आला.
नागम्माची पेन्सिल थांबलेली.
तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बस, म्हटलं. बस रे.
वहीत वेळ लिहिली, दहा चाळीस,
आणि पुढचा रकाना कोरा ठेवला.