उताराचं मैदान

आमचं मैदान कातळावर, पश्चिमेकडे हातभर कलतं.
चेंडू सुटला की थेट काजूच्या बागेत,
आणि बागवाले मोचेमाडकर तो परत देण्याआधी
आमच्या बापजाद्यांची चौकशी करतात.

जुने सर टॉस जिंकला की वरची बाजू घ्यायचे.
हाफटाइमला दोन-शून्य, शेवटी दोन-पाच.
सात वर्षं हेच.

मग गिरप मॅडम आल्या.
उभादांड्याच्या, रापणीच्या घरातल्या,
उजवा गुडघा न वाकणाऱ्या.
पहिल्याच दिवशी चेंडू कपाटात, कपाटाला कुलूप.
"सुकती कधी आसा?"
आम्ही बँकवाल्यांची, मास्तरांची पोरं एकमेकांकडे बघत राहिलो.
मागून दीपेश खोबरेकर पुटपुटला, "पाच वीसाक."

पाच वीसला पुळणीवर सोळा जण.
हातात रापणीचे दोर, आठ इकडे, आठ तिकडे.
एक बाजू जोरात ओढली गेली
की जाळं तिरकं येतं, बांगडे निसटतात,
रापणकार शिव्या घालतात.
मॅडम घालत नाहीत. नुसत्या बघतात.
त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बारा दिवसांनी चेंडू मिळाला
तेव्हा तळहातांवर दोराचे वळ होते.

मी राखीव गोलकीपर.
माझ्याकडे बर्फाचा डबा, मोसंबीच्या फोडी
आणि एक दोनशेपानी वही.
"गोल लिहू नको. ते सगळ्यांका दिसतत.
कोणी कोणाक चेंडू दिलो नाय, तेवढाच लिही."
कुडाळविरुद्ध एक्केचाळीस नोंदी. त्यातल्या चौदा एकट्या दीपेशच्या.
बसमध्ये त्याने वही मागितली, वाचली,
आणि सावंतवाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

घरच्या सामन्यात आम्ही टॉस जिंकलो
आणि खालची बाजू मागितली.
रेफरीने दोनदा विचारलं.
पंचेचाळीस मिनिटं चढावर, तोंडावर धूळ, पायात पेटके,
शून्य-एक.
मग उतार आमचा झाला.

दोन जिंकलो, दोन बरोबरी, तीन हरलो.
पेपरात तीन ओळी आल्या, त्यात आम्ही व्हॉलीबॉल संघ.

शेवटच्या सामन्यात, त्र्याहत्तराव्या मिनिटाला,
आल्मेडाचं खांद्याचं हाड गेलं.
मॅडमनी माझ्या हातातून वही काढून घेतली,
ग्लोव्ह्ज दिले.
सतरा मिनिटं.
एक अडवला. एक नाही.
तो नाही अडवलेला अजून रात्री येतो,
डावीकडून, बुटका, फारसा जोर नसलेला.

वही मला परत मिळाली मार्चमध्ये,
आंबे कैरीएवढे झाले तेव्हा.
शेवटच्या पानावर मॅडमचं अक्षर:
"केळुसकर. दोनदा दीपेश मोकळा होता. लांब मारला."
त्याखाली आणखी एक ओळ, लिहून खोडलेली,
निब कागदात रुतेपर्यंत खोडलेली.

उजेडाला धरून पाहिलं.
मागून बोट फिरवून पाहिलं.
पहिलं अक्षर 'प' असावं, किंवा 'ष'.