माया

शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा ठेवायचं,
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
अंग भरलं की तेवढी उसवायची.

शहापुरात, मागांच्या खडखडाटात,
एकवीस वर्षं मशीन चालवते मी.
अर्ध्या गल्लीचं वय माझ्या वहीत
इंचांत लिहिलेलं आहे.

पुरुषांचं वाढतं ते पुढं, पट्ट्याच्या वर.
दिसतं. त्यावर बोलतात लोक.
मुचंडीकरांची कंबर अडतीसवरून चव्वेचाळीसला गेली
तेव्हा कट्ट्यावर पैज लागली होती.
एका सकाळी छातीच्या ऐन मध्ये हात ठेवून
ते खाली बसले,
आणि सगळ्यांना लगेच कळलं काय ते.
पाच मिनिटांत रिक्षा.
दुपारपर्यंत स्प्रिंग बसलीसुद्धा.

मग गौराक्कानं घरातलं लोणी बंद केलं,
त्यांना पहाटे चालायला धाडलं,
भाकरी मोजून वाढली.
आणि पातेल्यात उरलेलं,
भेटायला येणाऱ्यांनी आणलेला कुंदा,
"टाकायचं कुणी?" म्हणत स्वतः संपवलं.
पाळी गेल्यापासून तिचं अंग
दरवर्षी एक इंच मागत होतं.
मी देत होते.
तिच्यावर कुणी पैज लावली नाही.

गणपतीच्या आधी आली.
"ब्लाऊज काचूलालाय. पाठीत आवळतंय.
जबडापण ठणकतोय, दाढ असेल."
पित्ताची गोळी घेऊन झाली होती.
घामानं भिजलेली,
आणि माझ्या दुकानाला पायरी एकच.
मी उसवलं. माया संपली.

दुसऱ्या दिवशी परत.
"अजून काचतंय."
ब्लाऊजच्या आत बोटं घालून बघितली
तर तीन सहज गेली.

कापड सैल होतं.
मग आवळत होतं कोण?

कुणाचा तरी झंपर सुईखाली तसाच सोडून
मी रिक्षा थांबवली.
दवाखान्याच्या दारात नर्सनं विचारलं,
"एदी नोवैतेनु?"
गौराक्का म्हणाली, "इल्ला."
कानडी दोघींचीही चोख.
छाती दुखत नव्हतीच तिची, पाठ दुखत होती.
मी मध्ये पडले,
"आधी पट्टी काढा.
हिच्या नवऱ्याची काढली तशी."

ब्लाऊज त्यांनी कात्रीनं कापला,
बरोब्बर माझ्या शिवणीला लागून.
कुणाचा तरी हात सरळ होता.

दिवाळी होऊन गेल्यावर आली,
उंबऱ्यावर थांबून दम घेत.
पिशवी धरून मागं मुचंडीकर.
हल्ली दोघं एकत्र चालतात,
ती पुढं, ते मागं, भांडत.
नवं कापड टेबलावर पसरलं.
"माया किती ठेवू?"
"ठेव की नेहमीची," म्हणाली.
"पण उसवायला येणार नाही मी."

ती गेल्यावर वही पहिल्या पानापासून चाळली.
माझं माप कुठंच नव्हतं.
फीत गळ्यातच होती.