बंडी कोणत्या खान्यात

दर्यापूरच्या फाट्यावर टिनाच्या शेडात सात संगणक.
तिथं मी चौकोन आखते.
एसटीच्या कपाळावरचा कॅमेरा जे पाहतो
ते माझ्यापुढे येतं तुकड्या-तुकड्यानं,
आणि मी यंत्राला सांगते :
हा ट्रक. हा माणूस. हे जनावर.

बंडी आली की हात अडतो.
यादीत वाहन आहे, जनावर आहे,
दोन्ही मिळून चालणारं काही नाही.
पुण्याहून पोरगा फोनवर म्हणतो, बैल वेगळे काढा, मॅडम.
काढले.
आता जू कोणाच्याच मानेवर नाही.

काल येवद्याकडचा रस्ता होता.
अर्ध्या डांबरावर सोयाबीन पसरलेलं, कडेला दगडांची ओळ.
यंत्र म्हणालं, अडथळा, थांबा.
दादाराव टोळे थांबले नाहीत,
हळूच चाक नेलं शेंगांवरून.
चित्राला आवाज नसतो,
पण फडा घेतलेल्या बाईचे ओठ मला वाचता आले :
आनखी येक चक्कर मारा नं, भाऊ.

शेऱ्यात मी लिहिलं, मळणी चालू आहे.
संध्याकाळी परत आलं, लाल अक्षरांत :
मळणी म्हणजे काय? वेग किती ठेवायचा?

माणूस पाहून,
मी लिहिलं.