शनिवार, भेरू घाट

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं,
निघालो पावणेनऊला.
सारंगला एक मेल पाठवायची होती, एकच, शेवटची,
आणि मला कुकरची शिट्टी सापडत नव्हती,
जिचा प्रवासाशी काहीएक संबंध नव्हता.

महेश्वर. दोन दिवस. दोघांचेही फोन डॅशबोर्डच्या खणात.
हे गुरुवारी रात्री ठरलं, भांडण संपताना,
किंवा भांडण संपावं म्हणूनच.
विजयनगरच्या सिग्नलला खण गुरगुरला.
राजेंद्रनगरला पुन्हा.
राऊ ओलांडेपर्यंत आम्ही त्या खणाकडे
पाळण्यात कूस बदलणाऱ्या तान्ह्याकडे बघावं तसे
धास्तावून बघत होतो.

महूला पोहे खाल्ले. जिरावण जरा जास्तच पडलं.
तो म्हणाला, "मोकळं वाटतंय ना?"
मी म्हणाले, "हो ना."

मानपूर मागे पडलं, घाट लागला,
आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर सगळंच थांबलं.
पुढे कुठेतरी कांद्यांचा ट्रक आडवा झालेला.
एकेक कांदा गाड्यांच्या मधून वाट काढत
निमाडाकडे निघाला होता,
आमच्याआधी पोचणार होता.

गाडी उभी, एसी चालू, काटा लाल.
मग बॉनेटच्या फटीतून वाफ.
सारंग झाकण उघडायला धावला
तेवढ्यात मागच्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "अभी नहीं!"
पोरगा, सतरा-अठराचा, हातात पाण्याचा कॅन,
मूठ तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली.
अर्धा तास त्याने आम्हाला नुसतं थांबायला लावलं.
असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं कधी,
की आता काही करू नका.

नाव विचारलं. थावरिया.
आमच्याकडे थावर म्हणजे शनिवार, तो म्हणाला,
शनिवारी झालो म्हणून.
आम्ही म्हणालो, अरे वा, आज तर तुझाच दिवस.
त्याला काही कळलं नाही.
दिवस कुठला, तो आठवत होता.
मग बोटांवर मोजून हसला.

कठड्यावर बसलो. खाली साग, पानं गळलेली,
आणि ऊन असं पसरलेलं, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं.
सारंगने बूट काढले, मोजे काढले.
त्याच्या टाचेला भेग होती, खोल, काळी पडलेली.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून असेल."
दिवाळी होऊन चार महिने झाले होते.
एका पलंगावर, एका पांघरुणात, चार महिने.
मी पर्समधून व्हॅसलिन काढलं आणि लावत बसले,
रस्त्यावर, दीड-दोनशे ड्रायव्हरांच्या देखत.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
पण हे न बोलणं गुरुवारचं नव्हतं.

चार वाजता अचानक रांग हलली.
हॉर्न, शिव्या, भेरूबाबाचा जयजयकार,
थावरिया धावत्या ट्रकच्या पायरीवर चढला, हात हलवला,
आणि वळणाआड गेला.
गाडी चालू झाली. तरी आम्ही खाली उतरलो नाही,
मधल्या फटीतून वळवली आणि परत निघालो.
कोण आधी म्हणालं ते आठवत नाही.
एकूण अठ्ठ्याण्णव किलोमीटर.
हॉटेलवाल्याने आगाऊ भरलेले पैसे दिले नाहीत.

सोमवारी चौरसिया मॅडमनी विचारलं,
"महेश्वर कसं होतं?"
छान, मी म्हणाले. पाणी फार स्वच्छ.
आणि हे खोटं म्हणता येणार नाही,
कारण पाणी खरंच स्वच्छ होतं,
कॅनच्या तळाशी अजून दोन बोटं उरलंय.

तो कॅन आमच्याच डिकीत राहिला.
बॉनेटवर ठेवला होता, घाईत आत टाकला.
सारंग म्हणतो, वीस रुपयांची वस्तू आहे.
मग काल रात्री लॅपटॉप मिटवताना
तोच म्हणाला, "ट्रकचा नंबर बघितला होतास?"
नव्हता.
"तरी," तो म्हणाला,
"या शनिवारी जाऊन बघू."