थंड चेंडू

पहाटे साडेपाचला पडेगावहून निघतो
तेव्हा सायकलचं हँडल धरवत नाही.
त्याला मी पोरीचे जुने मोजे चढवलेत,
एक निळा, एक ठिपक्यांचा.
छावणीच्या फाटकावरचा शिपाई रोज हसतो.
मी रोज सांगतो, सायकलला हीव भरलंय.

बारहाते साहेब येतात ते फुगून.
हाडांचे डॉक्टर, वय एकाहत्तर.
आत बनियन, त्यावर लोकरीचं, त्यावर आणखी एक लोकरीचं,
वर नातवानं पाठवलेलं जाकीट.
पहिल्या टीवर काठी खांद्यापर्यंत जात नाही.
साहेब, एक उतरवा.
सटवाजी, मरीन रे.
कोपर तरी जिवंत ऱ्हाऊ द्या.

चौथ्या होलला ऊन कडुलिंबाच्या वर येतं
तेव्हा एक स्वेटर निघतं आणि माझ्याकडं येतं.
ते मी घालत नाही.
घडी करून बॅगेवर ठेवतो.
घडी मात्र सावकाश करतो.

बारा हिवाळे बॅग वाहिली.
हवा जड असली की चेंडू अलीकडंच बसतो,
वासरू बसावं तसा, उठवलं तरी उठत नाही.
म्हणून जिथं सात नंबर लागते
तिथं मी सहा काढून देतो.
बोलत नाही.
बोललं की वयाचा विषय निघतो.

आणि चेंडू.
रात्रभर बॅगेत पडलेला चेंडू म्हणजे गोटा.
फटका बसला की मनगटातून थेट दाढेत कळ जाते.
तर घरून निघतानाच दोन चेंडू
बंडीच्या आतल्या खिशात टाकतो, बरगडीपाशी,
फडक्यात बांधलेल्या भाकरीला लागून.
तव्यावरून उतरलेली बाजरी
सहाव्या होलपर्यंत दम धरते.
एक खेळतो, एक उबतो.
होल संपला की अदलाबदल.
साहेब दोस्तांना सांगतात, ही कंपनी चांगली आहे.

परवा दहिवर फार होतं.
किल्ला दिसतच नव्हता, नुसता धुक्यात एक डाग.
साहेबांनी हलकेच ढकललेला चेंडू
हिरवळीवर ओली रेघ ओढत गेला
आणि भोकाच्या वीतभर आधी थांबला.
ते वाकले, हातमोजा काढला,
चेंडू उचलून नाकाशी नेला.
याला भाकरीचा वास येतोय.

मी झेंड्याची काठी पुसू लागलो.
ती कोरडीच होती.

दुसरा दाखव, म्हणाले.
दिला.
खेळले नाहीत. दोन्ही तळव्यांत धरून उभे राहिले,
बोटं एकेक करून उघडली, मिटली,
पेशंटची बघावीत तशी स्वतःची बघितली.
मागून दुसरी मंडळी आली, ओरडली,
त्यांना हातानंच पुढं जायला सांगितलं.

आज आले ते एकाच स्वेटरमध्ये.
ओठ निळे, पण खांदा पुरा फिरत होता.
तिसऱ्या होलला, दीडशे पावलांवरून,
झेंड्याकडं बघत विचारलं,
आज भाकरी कशाची?
ज्वारीची, साहेब. बाजरी संपली.
मग सहा नंबर दे.
रोज देतोस तीच.

बॅगेची चेन गारठ्यानं अडकली होती.
ती ओढता ओढता
मी बराच वेळ खाली बघत राहिलो.